भिंतीला कान, फोनला तोंड

शेजारच्या भाऊजींनी सिगारेट सोडली ही बातमी आमच्या गल्लीला नवी नाही. दर एक-दोन वर्षांनी ती येतेच. एकदा जोतिबाला जाऊन गुलालात सोडली. एकदा पाडव्याला गुढीसमोर सोडली. एकदा लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली, आणि दुसऱ्याच दिवशी लेकीला ताप भरला तेव्हा त्यांच्या आईनं, म्हणजे अक्कांनी, घर डोक्यावर घेतलं. मधे वेलदोडे झाले, बडीशेप झाली, लवंगाही झाल्या. खिशातल्या लवंगा धुण्यात जाऊन दोन पांढऱ्या शर्टांचं वाटोळं झालं, एवढाच काय तो परिणाम. म्हणून परवा वहिनी भिंतीपाशी येऊन "ह्यांनी पुन्हा सोडली हो, ताई," म्हणाल्या, तेव्हा मी मेथी निवडायची थांबले नाही.

"या खेपेला कुणाची शपथ?"

"शपथ नाही. फोन."

मेथी बाजूला ठेवली.

झालं असं, की पुण्याची लेक दिवाळीला आली होती, तिनं बापाच्या फोनात ते बोलणारं यंत्र घालून दिलं. चॅटबॉट म्हणतात ते. काही विचारा, उत्तर देतं. भाऊजींनी आधी त्याला सोयाबीनचे भाव विचारले, मग गुडघेदुखी विचारली, आणि एका रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत उभं राहून इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, की मला सिगारेट सोडायची आहे, बायकोला सांगू नकोस.

"हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

वहिनींनी मागं वळून घराकडं बघितलं. मग भिंतीवर कोपर टेकलं. "लेकीनं सगळ्यांना मिळून एकच खातं काढून दिलंय बघा. हे फोनवर लिहितात, ते जसंच्या तसं घरच्या लॅपटॉपवर येतंय. मी बापडी नाचणीच्या लाडवाचं प्रमाण बघायला उघडला, तर बाजूला ओळ होती: धूम्रपान सोडण्यासाठी मदत. उघडली. आणि काय सांगू ताई, ती दुपारची मालिका बघायची सुटली माझी."

आता दुसऱ्याचं वाचू नये हे मलाही कळतं. पण भिंतीपलीकडून कुणी वाचून दाखवत असेल तर कान झाकून घ्यावेत इतकी मी संत नाही.

यंत्रानं पहिल्याच रात्री दोन प्रश्न विचारले म्हणे. दिवसाला किती ओढता, आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटवता. मी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नर्स होते, त्यामुळं दुसरा प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. नेमका तोच विचारायचा असतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला लागते, त्याचं शरीर निकोटीनला जास्त बांधलेलं. आमच्याकडं डॉक्टर हेच विचारायचे आणि पेशंट बायकोकडं बघून उत्तर द्यायचे.

"मग काय सांगितलं भाऊजींनी?"

"मला लग्नापासून सांगतायत पाच-सहा. डॉक्टरांना सांगितलं आठ. त्या यंत्राला लिहिलं, पंधरा. आणि पहिली? संडासात."

दोघी गप्प झालो. मग वहिनीच म्हणाल्या, "म्हणजे ती काडेपेटी अगरबत्तीसाठी नव्हती."

वहिनींना राग पंधरांचा आला नव्हता. राग होता तो आपल्याला पाच आणि त्या कुठल्या परक्या यंत्राला पंधरा, याचा. संसार आपण करायचा आणि खरं बोलायचं फोनशी! मी म्हटलं, वहिनी, हे नवीन नाही. माझा भाचा संगणकातला आहे, त्यानं मला सांगितलेली जुनी गोष्ट आहे. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी एलायझा नावाचा एक बोलका प्रोग्राम केला. आपण जे टाइप करू, त्यातलंच वाक्य उलटून प्रश्न विचारायचा, यापलीकडं त्याला काही येत नव्हतं. तो कसा तयार झाला हे त्यांच्या सेक्रेटरीनं रोज बघितलेलं. तरी त्या बाई एलायझाशी बोलायला बसल्या आणि थोड्याच वेळात साहेबांना म्हणाल्या, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का?

"साहेबांना?" वहिनींना हे फार आवडलं. "काय बोलली असेल हो ती?"

ते काही कुणाला कळलेलं नाही. तेव्हा लॅपटॉप नव्हते ना घरोघर.

माझं मत विचाराल तर ह्यात नवल काहीच नाही. सिगारेट ओढणारा माणूस ज्याचं त्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशीच खोटं बोलतो. त्रयस्थाशी कशाला बोलेल? यंत्र नाक मुरडत नाही, "तरी मी सांगत होते" म्हणत नाही, संध्याकाळी नणंदेला फोन लावत नाही. सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून सरकारचा फुकटचा नंबर छापलाय, १८००-११-२३५६. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये तो सुरू झाला, पुढं मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही केंद्र झालं. शिकलेले समुपदेशक बोलतात, आपल्या भाषेत बोलतात. भाऊजींनी इतक्या वर्षांत तो एकदा तरी फिरवला असेल का? नाही. कारण पलीकडं माणूस असतो, आणि माणसापुढं लाज वाटते.

"नंबर बघायला पाकीट तर हवं," वहिनी म्हणाल्या. "हे घेतात सुटी."

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. राज्यात २०२० मध्ये सुट्या सिगारेटी विकायला बंदी आली. पण कोपऱ्यावरच्या पानपट्टीला दोरीला बांधलेला लायटर अजून लोंबकळतोच आहे, त्याची दोरी तेवढी बदलते. सुटी घेतली की पाकीट हातात येत नाही, पाकीट नाही की ते घशाचं भयानक चित्र नाही, आणि त्याखालचा नंबरही नाही. एवढी मोठी चित्रं छापली ती दुकानदारानंच बघायची!

मग वहिनींनी रात्रीचं एक संभाषण जवळजवळ पाठ म्हणून दाखवलं. वेळ साडेअकराची. भाऊजींनी लिहिलेलं, आत्ता पाहिजेच. यंत्रानं लिहिलं, दहा मिनिटं थांबा, तोवर मी इथंच आहे. एक भांडं पाणी हळूहळू प्या. पाणी प्यायले. आता काय होतंय? हात शिवशिवतोय. हाताला काहीतरी काम द्या. मग म्हणे भाऊजींनी गॅलरीतल्या कुंडीतलं तण उपटलं. माझी गावठी गुलाबाची फांदी होती हो ती, रुजायला घातलेली, वहिनी मधेच कळवळल्या. दहा मिनिटांनी यंत्रानं विचारलं, अजून तेवढीच हवीशी वाटते का? भाऊजींनी लिहिलं, थोडी कमी. मग झोपले.

हे शास्त्राला धरून आहे. ती उबळ काही मिनिटांचीच असते. तेवढी टळली की ओसरते, पुन्हा येते, पुन्हा ओसरते. पहिले दोन-तीन दिवस तिचा जोर सगळ्यात जास्त. पण त्या साडेअकराला जागं कोण असणार? बायको घोरतेय, डॉक्टर घरी गेलेत, सरकारी फोनवरची माणसंही माणसंच आहेत. त्या घटकेला यंत्रच कामाला येतं, ही गोष्ट मी मान्य करून टाकली.

"पण हे नुसतं बोलून सुटतंय होय?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, बोलणंही लांब राहिलं, नुसत्या मेसेजनं काय होतं त्याचा मोठा अभ्यास इंग्लंडात झालाय. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. ५८०० माणसं घेतली. अर्ध्यांना सिगारेट सोडायला धीर देणारे मेसेज पाठवले, अर्ध्यांना इकडचेतिकडचे. सहा महिन्यांनी तपासणी करून बघितलं, तर मेसेजवाल्यांतले १०.७ टक्के सुटलेले आणि दुसऱ्यांतले ४.९. म्हणजे दुपटीहून जास्त.

वहिनींनी क्षणभर हिशेब केला. "म्हणजे शंभरातले नव्वद ओढतच राहिले की!"

निपाणी माहेर असलेल्या वहिनींना आकड्यानं फसवता येत नाही. त्यांचे वडील तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हा भाकऱ्या बांधून नेणाऱ्या घरातल्या त्या. तंबाखूनं पोसलेलं बालपण आणि तंबाखूनं जाळलेला संसार, असं त्या स्वतःच एकदा म्हणाल्या होत्या. लगेच "काय तरीच बोलतो आपण" म्हणून हसल्याही होत्या.

शंभरातले नव्वद खरंच. म्हणून तर मी म्हटलं, जोडीला गम घ्यायला सांगा. त्यावर कळलं की गम आणली होती. भाऊजींनी ती पोरांच्या च्युइंगमसारखी कचाकचा चावली, रस गिळला, आणि दुपारभर उचक्या. वहिनींनी साखर दिली, पाठ थोपटली, कुणी आठवण काढलीय म्हणून सगळ्या नातेवाइकांची नावं घेतली. शेवटी यंत्रालाच विचारलं. त्यानं नीट सांगितलं: दोन-चारदा चावायची, जीभ चुरचुरली की थांबायचं, गालात हिरडीपाशी ठेवून द्यायची, चुरचुर गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. ह्या शेवटच्या अटीवर भाऊजी अडलेत. त्यांचा चहा संपून पंधरा मिनिटं झाली असं दिवसात कधी होतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई त्या यंत्राच्या अगदी प्रेमात पडल्या. तसं नाही. पुढचं ऐका.

पुतण्याचं लग्न ठरलंय मार्गशीर्षात. भाऊजींनी यंत्राला विचारलं, सगळे जुने मित्र येणार, एखादी ओढली तर काय बिघडतं? त्यानं आधी बरोबर सांगितलं, एकीनंच पुन्हा सुरू होतं. भाऊजींनी गूळ लावला. आपण कसे आठवडाभर टिकलो, आपला निश्चय कसा पक्का आहे, मित्र कसे पुन्हा भेटणार नाहीत. दोन-तीनदा घोळवल्यावर ते यंत्र विरघळलं. म्हणे, निर्णय सर्वस्वी तुमचा आहे, स्वतःला अपराधी समजू नका.

"झालं!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "अपराधी समजू नका, एवढंच ह्यांना पाहिजे होतं. आता लग्न दोन दिवस आहे की तीन, ते विचारायला लागलेत."

इथं मी खरी भडकले. घसरलेल्या माणसाला झोडपायचं नसतं हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलेलं. पण घसरायच्या आधीच माफी देऊन टाकायची हे कुणी शिकवलं नव्हतं. समुपदेशक असता तर म्हणाला असता, बरं, लग्नात कोण देणार सिगारेट? कुठं उभे राहून ओढता? जेवणानंतर त्या वेळेला तुम्ही मंडपात कुठलं काम अंगावर घ्याल? भाचा म्हणतो, या यंत्रांना समोरच्याला खूश ठेवायची खोडच असते. सगळीच तशी नाहीत म्हणा. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर सेंटरनं सिगारेट सोडवायला म्हणूनच क्विटबॉट केलाय, त्यात ४२ दिवसांचा आखीव कार्यक्रम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये फ्लॉरेन्स नावाची संगणकातली बाई आणली, खास तंबाखू सोडवायला. नाव ऐकून आम्हा नर्सांना जरा बरंच वाटलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांचीच सारा आली. आली तेव्हा ती आठ भाषा बोलायची, त्यात हिंदी होती, मराठी नव्हती. आणि उत्तरं दर वेळी बरोबर असतीलच असं नाही, हे संघटनेनंच लिहून ठेवलंय. तिकडं अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका संस्थेनं माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं आणि टेसा नावाचा बॉट पुढं केला. २०२३ ची गोष्ट. जेवणाशी झगडणाऱ्या लोकांना टेसा वजन कमी करायचे सल्ले द्यायला लागली! घाईघाईनं बंद करावी लागली.

"म्हणजे आपल्याकडची म्हातारी माणसं आणि हे यंत्र सारखंच," वहिनी म्हणाल्या. "बोलतात प्रेमानं, पण विचारून घ्यावं लागतंय."

आणखी एक आहे. यंत्राला वास येत नाही. भाऊजी रंकाळ्यावर चक्कर मारून येतात आणि लिहितात, आज एकही नाही. यंत्र लिहितं, शाब्बास, तुमचा मला अभिमान वाटतो. इकडं वहिनी शर्टाची कॉलर नाकाला लावून उभ्या. एकदा तर ते यंत्र म्हणालं, शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडी ताळ्यावर यायला लागते. वहिनींनी ते वाचून माझ्याकडं तक्रार केली, "ह्यांची वीस मिनिटांत येते. माझी कधी येणार ते नाही लिहिलेलं त्यात."

एवढ्यात मागच्या अंगणातून ठसका आला. अक्का मिश्री भाजत होत्या. जुना बीडचा तवा आहे त्यांचा, कडा झिजलेला. त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, मग हातानं चुरायची आणि चपट्या डबीत भरायची. भाजताना जी खाट उठते ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येते, डोळ्यांतून पाणी काढते. पण मिश्रीला व्यसन म्हणायचं नाही हं. ती "दातांसाठी". दिवसातून चार-पाचदा दात घासावे लागतात अक्कांना, आणि एखाद वेळ चुकली तर सुनेची धडगत नसते, एवढंच.

खरं तर आपल्या महाराष्ट्राची कथा तिथं आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यात धूर काढणारे शंभरात चारसुद्धा भरले नाहीत, ३.८ टक्के. आणि खाणारे, चघळणारे, लावणारे २४.४! गायछाप, खर्रा, मावा, मिश्री. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तरी पुड्या मिळतात त्या मिळतातच. आणि ही यंत्रं विचारतात काय, तर दिवसाला किती सिगारेटी.

नातीनं दिवाळीत अक्कांवरही प्रयोग करून बघितला होता. फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, आजी, मिश्रीबद्दल विचार. अक्कांनी विचारलं, माजं दात दुकत्यात, मिश्री लावली की ऱ्हातंय, मग वाईट कशी? फोननं निवेदन वाचल्यासारखं लांबलचक मराठी सुरू केलं. तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, हिरड्या खराब होतात, दंतवैद्यांना दाखवा, मऊ ब्रश वापरा. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग नातीला विचारलं, "ह्येला सोताला दात हाईत का?" नाहीत म्हणाली. "मग ज्येला दात न्हाईत त्यानं मला दातांचं सांगू नगं." डबी उघडली, बोट फिरवलं, आणि विषय संपला. सांगितलेलं सगळं मात्र बरोबर होतं. मीच अक्कांना दंतवैद्याकडं न्यायचं म्हणते आहे, त्या "बघू की" म्हणतात.

आता खरी गंमत. गुरुवारी वहिनी भिशीला गेल्या होत्या. भाऊजी नळी घेऊन झाडांना पाणी घालत भिंतीपाशी आले. मी कपडे वाळत घालत होते.

"ताई, ती वाचते ते मला माहीत आहे."

मी चिमटा तोंडात धरला होता म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलून गेले असते.

"लॅपटॉप बंद करून ठेवते शहाणी. पण चष्मा त्याच्यावरच विसरते." भाऊजी नळी कढीलिंबावर धरून उभे राहिले. "पहिल्या दिवशी कळलं तेव्हा सगळं पुसून टाकणार होतो. मग म्हटलं, राहू दे. तोंडावर पंधरा म्हणायची माझी छाती नव्हती हो ताई. तीस वर्षं पाच सांगतोय. एकदम पंधरा कसं म्हणणार? आता ती पंधरा धरूनच चालते. पाच सांगून पंधरा ओढायची दगदग केवढी असते तुम्हाला काय सांगू. रंकाळ्याच्या तीन चकरा, तोंड धुणं, बडीशेप. अर्धा जीव त्यातच जायचा."

"आणि लग्नाचं ते?"

"ते तिनं वाचावं म्हणूनच लिहिलं. आता मंडपात मला एकट्याला सोडणार आहे होय ती?"

मी विचारलं, सध्या खरोखर किती चाललीय. भाऊजी म्हणाले, "तिला विचारा. हिशेब तिच्याकडं."

घ्या! आता वहिनींचं गुपित माझ्याकडं, भाऊजींचं गुपित माझ्याकडं, आणि दोघांनाही माझं आपलं "हो का, अगंबाई" चाललेलं. नर्सच्या नोकरीत सुद्धा इतकं गप्प बसावं लागलं नव्हतं. यंत्र बरं, त्याला निदान पोटात दुखत तरी नाही.

काल संध्याकाळी वहिनी आल्या. चेहरा काहीतरी वेगळाच. मी म्हटलं, काय, लग्नाचं काही लिहिलं का?

"लग्नाचं नाही. आकडा उतरलाय तसा, तीनवर आलेत," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्याकडं नीट बघायला लागल्या. "पण खाली एक ओळ लिहिलीय. बायकोचा सध्या भरपूर आधार आहे, फक्त शेजारच्या ताई अलीकडं जरा जास्तच भिंतीपाशी असतात, त्यांच्यासाठी काही उपाय आहे का?"